उक्त्या सहलीचा हिशेब

घर बांधायला काढले की गवंड्याशी व्यवहार दोन तऱ्हांनी होतो. एक रोजावर आणि दुसरा उक्ता. रोजावर काम दिले तर मालकाला दिवसभर उन्हात उभे राहून प्रत्येक घमेले मोजावे लागते. उक्ते दिले की आकडा एकदा ठरतो आणि मालक मोकळा होतो. पण उक्त्या कामात भांडण कोठे होते, हे आपल्यातला प्रत्येक सुतार, गवंडी आणि वेल्डर जाणतो. भांडण होते ते कागदावर न लिहिलेल्या गोष्टींवरून. "प्लास्टर त्यात होते, पुट्टी नव्हती" या एका वाक्यावर वर्षांची ओळख तुटलेली आम्ही पाहिली आहे.

हाच उक्ता व्यवहार आता सुट्टीच्या बाजारातही आला आहे. त्याला ऑल इन्क्लुसिव्ह म्हणतात. राहणे, तिन्ही त्रिकाळ खाणे, पेये, थोडीफार करमणूक, या सगळ्याचे पैसे निघण्यापूर्वी एकदाच भरायचे. आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागीर मंडळी आजवर पॅकेज हा शब्द उमरा किंवा हजच्या निमित्ताने वापरत होती. आता मुलेबाळे घेऊन चार दिवस समुद्रावर जाण्यासाठीही तो वापरला जातो. यात वावगे काहीच नाही. वर्षानुवर्षे दुकानाचे शटर आणि घराचा उंबरठा यांच्यामध्येच ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना चार दिवसांच्या विसाव्याचा हक्क आहे. मात्र आम्हाला आश्चर्य वाटते ते याचे, की जी मंडळी उमऱ्याच्या पॅकेजमध्ये हॉटेल हरमपासून किती मीटर हे चार वेळा विचारतात, तीच मंडळी सहलीचा कागद न वाचता पैसे मोजतात. आम्हीही त्यातलेच होतो, म्हणून हे लिहीत आहोत.

ही पद्धत आली कोठून

१९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुट्टीचे एक गाव वसवले. क्लब मेड या नावाने ते पुढे जगभर पसरले. पाहुण्याने एकदा पैसे भरायचे आणि खिशात हात न घालता राहायचे, ही कल्पना तेथून लोकप्रिय झाली. तिच्यामागचा हिशेब व्यापाऱ्याला लगेच कळेल असा आहे. शंभर पाहुण्यांत काही जास्त खातात, काही कमी. हॉटेलवाला सरासरी काढतो आणि सर्वांना तोच दर लावतो. जो कमी घेतो, तो जास्त घेणाऱ्याचे बिल भरत असतो. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे सारे आपोआप उलगडते.

आपल्याकडून जवळचे आणि या पद्धतीचे पक्के उदाहरण म्हणजे मालदीव. मुंबईहून विमानाने सुमारे तीन तास. भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याचे पक्के आरक्षण आणि प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा इंटरनेटवरील प्रवासी अर्ज एवढे पुरते. सुमारे १२०० बेटांचा हा देश, पण वस्ती दोनशेच्या आतल्याच बेटांवर. १९७२ साली तेथे कुरुम्बा हे पहिले रिसॉर्ट अवघ्या ३० खोल्यांनी सुरू झाले. आज अशी रिसॉर्ट दीडशेहून अधिक आहेत. बहुतेकांची रीत एकच: एक बेट, एक रिसॉर्ट. बेटावर दुसरे दुकान नाही, शेजारी चहाची टपरी नाही. पाण्याच्या बाटलीचा भावही मालक सांगेल तोच. अशा ठिकाणी रोजावर राहणे म्हणजे एकाच दुकानदाराच्या गावात उधारीवर राहण्यासारखे आहे. म्हणून तेथे उक्ता सौदा बहुधा शहाणपणाचा ठरतो. पण कागद साफ असेल तरच.

आमची फजिती

२०२५ च्या नोव्हेंबरात, दिवाळीची गिऱ्हाइकी आटोपल्यावर, आमच्या बाजारातली चार कुटुंबे तिकडे गेली. एक कापडवाले, एक फर्निचरचे कारखानदार, एक लेथवाले आणि आम्ही. मुलांसह १३ जण. एका एजंटने इतरांपेक्षा स्वस्त भाव दिला आणि आम्ही खूष झालो. कागदावर ‘पाच रात्री, सर्व समाविष्ट’ असे ठळक अक्षरांत होते.

विमान मालेच्या विमानतळावर संध्याकाळी उतरले. आमचे बेट दूरचे, तेथे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचे होते. ही विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. हे सर्वांना ठाऊक होते, फक्त आम्हाला नव्हते, आणि एजंटने सांगितले नव्हते. ती रात्र आम्ही विमानतळाजवळच्या हुलहुमालेत पदरच्या पैशाने खोल्या घेऊन काढली. रिसॉर्टवरची आमची खोली मात्र त्या रात्री आमच्याच नावावर रिकामी होती, कारण तिचे पैसे भरलेले होते. पाच रात्रींच्या चार झाल्या. मुले पेंगुळलेली, बायका गप्प, आणि भाव कमी करून घेतल्याबद्दल ज्यांनी मुंबईत आमची पाठ थोपटली होती ते कापडवाले मित्र आमच्याकडे पाहतही नव्हते. एजंटला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, विमानाची वेळ कागदावर होती." होती खरी. गवंड्याच्या पुट्टीसारखीच.

सही करण्यापूर्वी

उक्त्या सुट्टीचा पुरेपूर लाभ बेटावर पोहोचल्यावर घेता येत नाही. तो घ्यायचा असतो घरी, सही करण्यापूर्वी. आमच्या मते पुढच्या गोष्टी प्रत्येकाने लेखी मागाव्यात.

पहिली, पोहोचण्याची. विमानतळापासून बेटापर्यंत स्पीडबोट की छोटे विमान? त्याचे भाडे दरात धरले आहे काय? छोट्या विमानाचे भाडे माणशी काही शे डॉलर होते, आणि त्यात सामानाची मर्यादाही निराळी, बहुधा २० किलोची. संध्याकाळी उतरणारे विमान घ्यायचे असेल तर स्पीडबोटीच्या अंतरावरचेच बेट घ्यावे.

दुसरी, करांची. तेथे भावापुढे अधिकाची दोन चिन्हे काढलेली असतात. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर निराळे. सेवाशुल्क १० टक्के आणि त्यावर पर्यटन वस्तू व सेवा कर, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. म्हणजे शंभर डॉलरचा भाव हातात येईपर्यंत १२८ डॉलर ७० सेंट होतो. शिवाय ग्रीन टॅक्स. रिसॉर्टमध्ये तो १ जानेवारी २०२५ पासून माणशी दर रात्री १२ डॉलर आहे. चार माणसांच्या कुटुंबाला चार रात्रींचे १९२ डॉलर. एजंटच्या आकड्यात हे आहे की नाही, हे एका ओळीत लिहून घ्यावे.

तिसरी, ‘सर्व’ या शब्दाची. फुल बोर्ड म्हणजे तीन जेवणे. काही ठिकाणी त्यात पिण्याचे पाणीही मोजून घेतात. ऑल इन्क्लुसिव्हमध्ये पेये येतात, पण सगळ्याच उपाहारगृहांत जेवता येते असे नाही. खोलीतला छोटा फ्रीज, समुद्रात मासे पाहण्याचा चष्मा, होडीची फेरी, यांतले काय आत आणि काय बाहेर? २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रींची मेजवानी अनेक ठिकाणी सक्तीची आणि निराळ्या पैशाची असते. खोली बहुधा दुपारी दोननंतर मिळते आणि निघण्याच्या दिवशी बाराच्या सुमारास सौदा संपतो. त्यानंतरचा चहाही रोखीचा.

चौथी, पैशांच्या कागदाची. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आयकरापोटी टीसीएस घेतला जातो. पुष्कळ मंडळी तो गेलेला पैसा समजतात. वस्तुतः तो आपल्या पॅनवर जमा असतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. एजंटकडून पक्की पावती घ्यावी आणि पॅनचा नंबर बरोबर आहे ना ते पाहावे. सहल व्याजाच्या हप्त्यांवर मिळते, तिच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. चार दिवसांच्या विसाव्यासाठी वर्षभराचा घोर लावून घेणे हा कोणताच हिशेब नव्हे.

न पिणाऱ्याने पिणाऱ्याचे बिल का भरावे

आता आपल्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब. या पॅकेजच्या दरात दारूचा खर्च धरलेला असतो, आणि तो किरकोळ नसतो. मालदीवमध्ये दारू वस्तीच्या बेटांवर चालत नाही. ती रिसॉर्टपुरतीच आहे आणि बाहेरून आयात होते. आपल्यापैकी जो कुटुंब घेऊन जातो, तो शेजारच्या टेबलावरच्या ग्लासाचे पैसे नकळत भरत असतो. वर सांगितलेले सरासरीचे सूत्र ते हेच.

यावर उपाय आहे. काही रिसॉर्ट दारू वगळून सरबते, चहा, कॉफी आणि पाणी यांच्यासह उक्ता दर देतात. ते नसेल तर फुल बोर्ड घेऊन पाण्याचे आणि चहाचे पैसे निराळे दिले तरी अनेकदा स्वस्त पडते. पण हे विचारावे लागते. न विचारता कोणी सूट देत नाही, हे दुकानदाराला काय सांगावे!

दुसरे असे की देश मुस्लिम आहे म्हणून रिसॉर्टच्या भटारखान्यात सारे हलालच असेल, असे गृहीत धरू नये. परदेशी पाहुण्यांसाठी तेथे परवान्याने डुकराचे मांसही आणतात. तवा आणि जाळी निराळी ठेवतात काय, हे मुख्य स्वयंपाक्याला भेटून विचारावे. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी आनंदाने दाखवले. मशिदीचेही तसेच. अनेक बेटांवर नोकरवर्गासाठी मशीद असते, ती पाहुण्यांच्या नकाशावर असतेच असे नाही. आम्ही एका माळ्याला विचारले. जुम्याला आमच्या शेजारी होडीवाले, भांडी घासणारे आणि खोल्या झाडणारे उभे होते; काही बांगलादेशाचे, काही केरळचे. त्यानंतर बेटावर आम्हाला कोणी परके राहिले नाही.

‘वसुली’चा रोग

बेटावर पोहोचल्यावर आमच्या फर्निचरवाल्या मित्राला एकच ध्यास लागला. पैसे भरले आहेत, ते वसूल झाले पाहिजेत. सकाळी न्याहारी दोन वेळा, अकराला आइस्क्रीम, दुपारी प्रत्येक पदार्थाचा एक घास, चारला पुन्हा केक. दुसऱ्या रात्री त्यांचे पोट बिघडले आणि तिसरा दिवस त्यांनी पडद्याआड काढला. डॉक्टरची फी ‘सर्व समाविष्ट’मध्ये नव्हती. प्रवासाचा विमा त्यांनी काढला नव्हता, तेव्हा तीही खिशातूनच गेली.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण थोड्याफार फरकाने आम्ही सारेच तसे वागत होतो. व्यापाऱ्याला इतके तरी समजायला हवे की भरलेले पैसे भरले गेले. एक घास जास्त खाल्ल्याने ते परत येत नाहीत. आणि हॉटेलवाला आपल्याहून पक्का व्यापारी आहे. मोठ्या जेवणावळीत भात, पाव आणि नूडल्स दाराशी मांडलेले असतात आणि मासळी शेवटच्या टोकाला. तेव्हा ताटली भरण्यापूर्वी एकदा सगळीकडे फिरून यावे, थोडे घ्यावे, ताजे घ्यावे. तेथली ट्यूना मासळी तेथल्यासारखी दुसरीकडे मिळणार नाही. केक आपल्या नाक्यावरही मिळतो.

मग पैशाचे मोल कशातून निघाले? आमच्या घरच्या मंडळींचे सांगतो. लग्नानंतरच्या २२ वर्षांत पहाटेचा चहा त्यांनी दुसऱ्याच्या हातचा क्वचितच घेतला असेल. पहिल्या दोन दिवशी फज्रनंतर त्या सवयीने उठून खोलीत शेगडी शोधल्यासारख्या फिरत. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या पायरीवर बसल्या. चौथ्या दिवशी ऊन अंगावर येईपर्यंत बसून होत्या, आणि कोणीतरी चहा आणून दिला तेव्हा त्यांनी तो न संकोचता घेतला. संपूर्ण पॅकेजमध्ये याच एका गोष्टीची किंमत आम्हाला पूर्ण वसूल झाली असे वाटते. तिच्यासाठी दुकानाचा फोनही दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी घ्यावा लागला. गल्ला नोकराच्या हाती देऊन जाणे कठीण असते हे आम्ही जाणतो. पण फोन दिवसभर कानाला लावून समुद्रावर बसायचे असेल तर मुंबईची चौपाटी काय वाईट?

भिंतीबाहेरचा बाजार

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्यासारख्या कारागिरांनी तर विसरूच नये. पाहुणा आतच खातो, आतच खेळतो आणि आतूनच विमानतळावर जातो. मग बाहेरच्या दुकानदाराने काय करावे? पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या मुस्लिमबहुल देशाला हा प्रश्न इतका बोचला की १९९९ साली तेथल्या सरकारने उक्त्या सहलींवर बंदीच घातली. टॅक्सीवाले, खानावळवाले आणि फळविक्रेते यांना त्यात आशा होती. पण परदेशी सहल कंपन्या आपले पाहुणे दुसरीकडे वळवू लागल्या आणि पुढच्याच वर्षी बंदी उठवावी लागली. कायद्याने जे साधले नाही ते पाहुण्याच्या पायांनी साधेल. तो आपण होऊन फाटकाबाहेर पडला तरच.

मालदीवमध्ये ही वाट २००९ नंतर खुली झाली. तोवर परदेशी पाहुण्यांची सोय रिसॉर्टपुरतीच असे. त्यानंतर वस्तीच्या बेटांवर साध्या पाहुणघरांना परवानगी मिळाली. मालेहून स्पीडबोटीने गाठता येणारे माफुशी हे त्यातले नावाजलेले बेट. तेथे दारू नाही, अजान आहे, खानावळी आहेत, आणि छोट्या पाहुणघरांना ग्रीन टॅक्सही माणशी ६ डॉलरच. आम्ही परतताना तेथे एक रात्र काढली आणि सर्वांचे एकमत झाले की पुढच्या वेळी दोन रात्री रिसॉर्टमध्ये आणि तीन वस्तीच्या बेटावर. शुक्रवारी मात्र तेथे सुट्टी असते. बोटींच्या वेळा आधी विचाराव्यात.

माले शहरात अर्धा दिवस तरी काढावाच. १६५८ साली प्रवाळाच्या दगडांत कोरून बांधलेली जुम्मा मशीद तेथे उभी आहे. आमचे सुतार मित्र तिच्या भिंतींवरून हात फिरवीत बराच वेळ काही बोलले नाहीत. १३४३ साली आलेला इब्न बतूता या देशाचा काझी झाला होता, आणि येथून कवड्यांची गलबते बंगालकडे जातात हे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपण ‘फुटकी कवडी’ म्हणतो. भारतात चलन म्हणून फिरलेल्या कवड्यांचा मोठा साठा याच बेटांवरून येत असे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांच्या पेढ्या याच मालेत होत्या. म्हणजे आपल्या बाजाराला हे गाव नवे नाही.

खरेदी मात्र पारखून करावी. मालेतल्या दुकानांतला बराचसा शोभेचा माल बाहेरच्या देशांतून आलेला असतो. खरा तिथला माल म्हणजे बा अटोलमधल्या थुलहाधू बेटाची लाखकामाची डबी आणि गद्धू बेटावरच्या बायकांनी गवतापासून विणलेली चटई. आमच्या लेथवाल्या मित्राने एक डबी हातात घेतली, झाकण फिरवले, उलटी करून बूड पाहिले आणि म्हणाले, "ही हातची कातलेली आहे, हिचा भाव करू नका." काळ्या, तांबड्या, पिवळ्या लाखेचे ते काम पाहून सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवल्यावाचून राहिली नाहीत. शंख, प्रवाळ किंवा कासवाच्या पाठीची वस्तू मात्र कोणी देऊ केली तरी घेऊ नये. त्यांवर बंदी आहे.

आपल्या धंद्यासाठी

शेवटी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आपल्या व्यापारी संघटनांना. एकटे कुटुंब एजंटसमोर दुबळे असते. वीस-पंचवीस कुटुंबे एकत्र गेली तर दारू वगळलेला दर, हलाल जेवणाची लेखी हमी आणि सोयीच्या वेळेचे विमान, हे तिन्ही मागता येते. आपल्यातली जी मंडळी उमऱ्याच्या सहली नेतात, त्यांनाही यात चांगला धंदा आहे. कागद साफ ठेवला तर गिऱ्हाईक बांधले जाईल.

दुसरी सूचना आपल्या सर्वांना, म्हणजे आम्हालाही. त्या रात्री हुलहुमालेत आमचा जो संताप झाला तो पैशाचा कमी आणि फसगतीचा जास्त होता. परत आल्यावर आमच्या चौघांत ठरले की आपापल्या पावतीवर ‘यात काय आहे’ याच्याखाली ‘यात काय नाही’ हेही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायचे. फर्निचरवाल्या मित्राने सुरुवात केली आहे. त्यांच्या कोटेशनवर आता पॉलिश, वाहतूक आणि जिन्यावरून चढवण्याची मजुरी निराळी मांडलेली असते. पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक तो कागद वाचून निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात ते परत आले, आणि सोबत मेहुण्यालाही घेऊन आले.